दोन छेद पाच फळ्यावर लिहिणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

त्या दिवशी तास संपल्यावर तुमच्याशी बोलायचं होतं पण घसा असा भरून आला की नुसती मान हलवून निघाले, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी मुलगी सावकाश बोलते. प्रश्न विचारला की आधी आत बराच वेळ काहीतरी चालतं आणि मग शब्द येतात. आधीच्या शाळेत ते शब्द यायच्या आतच "बस खाली, पुढचं कोण सांगेल" व्हायचं, आणि वर्षाच्या शेवटी आम्हालाच ऐकवलं की हिचं लक्ष नसतं. लक्ष नसतं! एकाही माणसाने कधी दोन श्वास थांबून बघितलं नाही हो. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही थांबलात. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती असं तिला विचारलंत आणि खडू हातात तसाच धरून उभ्या राहिलात, बाकीच्यांचं "मॅडम मी, मॅडम मी" चाललेलं, त्यांना नुसत्या हाताने गप्प केलंत आणि नजर तिच्यावरून हलवली नाहीत. पालकांना बसू दिलं होतं म्हणून मी मागच्या बाकावर होते, माझ्या पोटात गोळा. मग ती म्हणाली, दोन छेद पाच.

कोणीतरी हसलं. तुम्ही मात्र ते उत्तर फळ्यावर मोठ्ठं लिहिलंत, काट न मारता, आणि म्हणालात, "हे कुठे बरोबर येईल? शोधूया." ठरवून आणलेलं नव्हतं ते, तुम्हीही शोधतच होतात, दिसत होतं. एक मुलगा म्हणाला फुटबॉल, पहिल्या मॅचमध्ये दोन शॉट एक गोल, दुसरीत तीन शॉट एक गोल, मिळून पाच शॉटमध्ये दोन गोल, आला की दोन छेद पाच! म्हणजे तिचा हिशोब होता, प्रश्न वेगळा होता. मग तुम्ही कागदाची पट्टी घेतलीत आणि माझीच मुलगी, स्वतःहून, म्हणाली की मॅडम अर्ध्यात आणखी मिळवलं तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल, दोन छेद पाच तर अर्ध्याहून लहान आहे. पट्टीचे सहा भाग करून पाच छेद सहापर्यंत पोरं आपली आपण पोचली.

नंतर मी याबद्दल वाचत सुटले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकातच दाखवलंय की शिक्षक प्रश्न विचारून साधारण १ सेकंदच थांबतात, तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. गप्पांमध्ये तर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो म्हणे, दहा भाषांवर केलेला अभ्यास आहे २००९ चा. एवढ्या घाईच्या जगात सावकाश मुलांनी जायचं कुठे?

आणि नाटकातली इम्प्रोव्हायझेशन करणारी, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं सादर करणारी मंडळी म्हणतात ना, समोरच्याने जे दिलं ते आधी घ्यायचं, मग त्यात आपली भर घालायची. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेचे त्यातले खेळ १९३० च्या दशकात शिकागोत लहान मुलांसोबतच सुरू झाले होते हे वाचून मला फार बरं वाटलं. लोकांना वाटतं आयत्या वेळी सुचलेलं म्हणजे तयारी नाही. उलट आहे. ज्याला अपूर्णांक आतून-बाहेरून माहीत नाही तो चुकलेलं उत्तर बघून घाबरेल आणि आधी खोडेल, पाठ टाचण सोडून पोराच्या मागे जायला विषय हाडात मुरलेला लागतो आणि समोरच्याबद्दल आदरही लागतो, मग तो समोरचा कितीही लहान असो. मला तर हा आदर म्हणजेच चांगुलपणा वाटतो, दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायचं आणि आपलं पुढचं वाक्य त्यातून काढायचं, खिशातून नाही. घरात, ऑफिसात, कुठेही किती कमी लोक करतात हे.

आता जेवताना ती बोलते मॅडम. मधे थांबते, आम्हीही थांबतो, आणि ती परत सुरू होते. पुढच्या वर्षी तिला शिकवायला जे कोणी येतील त्यांना तुम्ही तिच्याबद्दल दोन शब्द सांगाल का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

मनापासून, अगदी मनापासून थँक यू.

तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई