आधी आरोग्यमित्र, मग कॅश काउंटर

नागपुरात मेडिकल चौकातले रुग्णालय असो की धंतोलीतले, मोठे ऑपरेशन ठरले की नातेवाईक आधी दागिने मोडायला धावतात. विमा नसला तरी रेशनकार्ड असते ना! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र रुग्णालय आणि ते विशिष्ट ऑपरेशन, दोन्ही योजनेत हवेत. भरती होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, गाठावे. नियोजित ऑपरेशनला पूर्वमंजुरी लागते. घोडे अडते ते बहुधा कागदांवर: आधार आणि रेशनकार्डावरील नावात फरक, किंवा रुग्णाचे नावच कार्डावर नसणे.

योजनेत बसत नसल्यास धर्मादाय रुग्णालयाचा समाजसेवा विभाग गाठा. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० व ३.६० लाख. तहसीलदारांचा दाखला आधीच काढलेला बरा.

मुख्यमंत्री सहायता निधीचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. बिल भरून सुट्टी झाल्यावर अर्ज केला, तर परतावा मिळत नाही. इथेच बहुतेक जण चुकतात.

— एक वाचक, नागपूर