तापलेले मूल आणि रात्रीची कॅज्युअल्टी

संपादक महोदय,

पावसाळा लागला की इस्पितळाची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, तापाच्या मुलांनी भरते आणि ‘साध्या तापाला एवढ्या रात्री कशाला आणलं?’ हा शेरा आईबापांच्या वाट्याला येतो. मी गोव्यात वाळपईला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

बहुतेकजण आधी घरी औषध देतातच. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि चार-पाच तासांनी अंग पुन्हा चटचट भाजते. औषध लागू पडले नाही, दुखणे बळावले, असे वाटून पोटात गोळा येतो. वास्तविक या औषधाचा अंमलच चार ते सहा तासांचा. ते ताप उतरवते, आजार घालवत नाही. पण हे सांगायला ओपीडीत कोणाला सवड असते? वर आकडीची धास्ती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बहुतेकदा ती काही मिनिटांत थांबते, मेंदूला इजा होत नाही. घरात एकदा ती पाहिलेल्या आजीला मात्र हे पटवून बघा!

डोसाचा घोळ तर रोजचाच. ड्रॉप्सच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध, सिरपच्या ५ मिलीत कुठे १२५, कुठे २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर एका बाटलीतून दीड मिली, दुसरीतून सहा, तिसरीतून तीन. त्यात बाटली थोरल्याची उरलेली, मापाचे टोपण हरवलेले, मग चहाचा चमचा. कमी गेले तर ताप हटत नाही, फार झाले तर यकृतावर बेतते.

दिवसा का आणत नाहीत? पिसुर्ले, होंड्याच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटेपर्यंत ओपीडी बंद झालेली असते. सुर्ला, चरावणेसारख्या गावांत मध्यरात्री मूल बिघडले तर वाहन कुठून आणायचे, या विचाराने लोक आठ वाजताच निघतात. हा हिशेब मला तरी खुळा वाटत नाही.

अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचे वजन होते. त्याच कार्डावर त्या वजनाला कुठल्या बाटलीतून किती मिली, हे लिहून द्यावे. मागच्या बाजूला, कधी मुळीच थांबायचे नाही ते ठळक छापावे: तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप, दूध-पाणी तोंडात न घेणे, धाप, उठवूनही जाग न येणे, लघवी कमी होणे, आकडी. डेंग्यूत ताप उतरू लागल्यावरच धोका वाढतो, हेही.

आणि निदान पावसाळ्याचे चार महिने ओपीडी संध्याकाळी आठपर्यंत चालवावी. माणसे अपुरी आहेत हे ठाऊक आहे. पण याच मुलांना रात्री बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात तपासायलाही डॉक्टर लागतातच.

— एक औषधविक्रेती, वाळपई-सत्तरी