काका, तुम्ही मला ‘कोम’ वाचायला शिकवलंत

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. ही अक्षरं लहानपणापासून पत्रांच्या डोक्यावर पाहत आले होते, पण ती उलगडून सांगितलीत तुम्ही. म्हणून सुरुवात त्यांनीच. पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण पूर्वजांचा मोडीतला कागद समोर ठेवून हताश बसलेली माणसं आज अनेक घरांत आहेत, आणि त्यांना तुमची रीत कळावी असं मनापासून वाटतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत दोन गोष्टी होत्या. घरच्या ट्रंकेत सापडलेला एक जुना कागद, आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून मिळवलेल्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, म्हणजे कोतवाल बुकाच्या, नकला. “वाचून द्या, काय होतील ते पैसे देते,” असं म्हणाले होते मी. तुम्ही बोरू पुढे केलात. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. महिनाभर नुसती मुळाक्षरं! मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करते. मोडीत हात उचलत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. लिहिणाऱ्याचा हात कुठे वळला असेल हे स्वतः गिरवल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही.

ट्रंकेतल्या कागदात ‘मौजे मजकूर’ असं होतं. दोन महिने मी मजकूर नावाचं गाव शोधत होते. नकाशे, गावांच्या याद्या, सगळं पालथं घातलं. तुम्ही हसला नाहीत. “मजकूर म्हणजे वर सांगितलेलं. बोट उचल आणि कागदावर वर जा,” एवढंच म्हणालात. सहा ओळी वर गावाचं नाव होतं, आमच्याच गावाचं.

त्याच कागदावरची तारीख आपण एका संध्याकाळी सोडवली. ‘इहिदे अशर मयातैन व अलफ’. हे अरबी आकडे: एक, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर कालगणनेचं सन १२११. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि नंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं. आलं १८१०-११. तेवढ्यावर तुमचं समाधान होईना. खाली शके १७३२, प्रमोदनाम संवत्सर होतं, तेही पडताळलंत. जुळलं, तेव्हा कुठे वहीत साल लिहू दिलंत.

पण हे पत्र खरं तर कोतवाल बुकातल्या एका ओळीसाठी आहे.

ती ओळ मी तीनदा ओलांडून गेले होते. एका पुरुषाचं लांबलचक, अनोळखी नाव आहे असं समजून. अडलेल्या अक्षराशी झटापट करायची नाही, हा तुमचा नेम. त्याच कारकुनाच्या हातचं तेच अक्षर जिथे शंकेला जागाच नाही तिथे गाठायचं, महिन्यांच्या नावांत, वारांच्या नावांत. ‘श्रावण’ सापडला की त्या माणसाचा व आणि ण आपल्या हाती आला. असा त्याच्या अक्षरांचा तक्ता तुम्ही माझ्याकडून करून घेतलात. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. “दिसतंय ते ओळीत लिही, वाटतंय ते समासात.” तक्ता घेऊन पुन्हा त्या ओळीवर आलो, आणि तुम्ही बरोबर मधोमध पेन्सिलीचं टोक टेकवलंत. को. म.

“बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको.”

एक नाव दोन झालं. कोमच्या पुढे माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव. कोमच्या आधी एका बाईचं. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आणि आम्हा घरच्यांना माहीत आहे. पुढे ‘उमर २३’. आणि त्यापुढे एक शब्द, ‘पटकी’. रकान्यांची शीर्षकं असलेलं वरचं पान फाटलेलं, त्यामुळे मला वाटलं, तिच्या माहेरचं आडनाव असेल. तुम्ही काही न बोलता पान उलटलंत. त्याच रकान्यात तोच शब्द, त्या एका महिन्यात अकरा वेळा, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांपुढे. एवढ्यांचं माहेर एक कसं असेल? पटकी म्हणजे कॉलरा. साल १९००, दुष्काळाचं.

काका, आमच्या घरात चार पिढ्या सांगत आल्या की खापरपणजी पाच वर्षांच्या मुलाला टाकून माहेरी निघून गेली. पणजोबांसमोर तिचा विषय काढायची सोय नव्हती. वंशावळीत तिच्या जागी नुसती रेघ होती. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, “आई माहेरी गेलीय, असंच सांगितलं असेल गं कुणीतरी. तेवढ्याशा पोराला दुसरं काय सांगणार?” मग लगेच म्हणालात, “हे समासात लिही हं. हे कागदावर नाही.”

समासातच लिहिलंय. पण ती गावातच, पटकीने गेली, हे ओळीत आहे.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना मी तो तक्ता घेऊन एकेक अक्षर लावून दाखवलं. ते बराच वेळ बोटाने ती ओळ चाचपत होते. मग म्हणाले, “आजोबांना हे वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वंशावळीतली रेघ खोडली आणि तिचं नाव घातलं, आधी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि त्याखाली, माझ्या वहीत बघून, मोडीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट दर वेळी भिंग पुसून माझ्या हातात दिलंत.

या पत्राची एक प्रत मी बोरूने लिहिते आहे, शिरोरेघ आधी ओढून. दोन पानं झाली आहेत. रविवारी घेऊन येते. चुका लाल पेन्सिलीने दाखवा, आणि जिथे वाचता येणार नाही तिथे टिंब द्या.

तुमची विद्यार्थिनी