यलोस्टोनच्या बर्फात आमची गाडी चालवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला इंग्रजीत पत्र पाठवलंच आहे. तरी तुमचं काम आपल्या लोकांनाही कळावं, म्हणून हे मराठीत, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हिवाळ्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, वेस्ट यलोस्टोन गावाहून ओल्ड फेथफुल या गीझरकडे, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याकडे, साध्या गाड्या जात नाहीत. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या रस्त्यावर स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, नाहीतर स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणारी बंदिस्त प्रवासी गाडी. आईचे गुडघे दुखतात, स्नोमोबिलवर ती बसणं शक्यच नव्हतं. तुमच्या स्नोकोचमुळेच तिला हे जंगल बघता आलं. एवढ्या अवजड चाकांत हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे चाक पसरतं आणि बर्फात रुतत नाही, हे तुम्ही तिला चाकापाशी नेऊन समजावलंत. मी मराठीत सांगून संपवेपर्यंत तुम्ही पुढचं वाक्य बोलत नव्हता.

मॅडिसन नदीच्या काठाने बायसनचा, म्हणजे रानगव्यासारख्या केसाळ प्राण्यांचा, कळप रस्त्यावरूनच येत होता. गीझर उसळायची वेळ चुकेल म्हणून गाडीत चुळबुळ सुरू झाली. तुम्ही गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलंत. थंडीत हे प्राणी डोक्याने बर्फ लोटून खालचं वाळकं गवत खातात, बाकी अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. त्यांना पळवलं तर तीच शिदोरी लवकर संपते, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. 1902 साली उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, हेही तेव्हाच कळलं. एक मादी आमच्या खिडकीलगत गेली. पापण्यांवर बर्फ, मागे वासरू. "लेकुरवाळी आहे, जाऊ दे तिला सावकाश," आई म्हणाली. मग गाडीत कुणीच घाई केली नाही.

गीझर हुकलाच. पुढचा सुमारे दीड तासाने. तुम्ही सगळ्यांना स्नो लॉजमध्ये ऊब घ्यायला बसवलंत आणि वेळ होताच, निसरड्या फळ्यांच्या वाटेवरून आईचा हात धरून तिला बाकापर्यंत नेलंत. ते तुमच्या कामात मोडत नसावं. मला मात्र त्या उसळत्या पाण्याइतकाच तो हात लक्षात राहिला आहे.

मनापासून आभार, ताई. मावशीलाही आता यलोस्टोन हिवाळ्यातच बघायचं आहे. आईने तिला बजावून ठेवलंय, की आधी तुमची गाडी कोणत्या दिवशी आहे ते विचारायचं आणि मगच तिकीट काढायचं.

तुमच्या ऋणी,
मायलेकी