नववी-दहावीला सातची शाळा कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात नौपाड्याला माझी पेपरची लाइन आहे. वडिलांनी सुरू केली, पुढे मी सांभाळली. वय आता ६७. हे पत्र कमिशनबद्दल नाही, ते रडगाणं आम्ही विक्रेते एरवी गातोच. लिहितोय शाळांच्या वेळांबद्दल, कारण पहाटे कोण आपणहून उठतं आणि कोणाला उठवावं लागतं हे बघण्यात माझा जन्म गेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्याआधी डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं जाहीरपणे सुचवलं होतं. हेतू चांगलाच. पण दोन सत्रांत चालणाऱ्या शाळेला इमारत एकच असते. माझी नात नववीत आहे. तिच्या शाळेत छोटे सकाळी, मोठे दुपारी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आदेशानंतर छोट्यांना पुढे सरकवलं आणि मोठ्यांच्या वाट्याला सात वाजताचं सत्र आलं. मुलगी-जावई राहतात घोडबंदर रोडला कासारवडवलीत, त्यामुळे व्हॅन गेटवर सव्वासहाला. दहावीत गेली की जादा तास सुरू होतील, म्हणजे त्याच्याही आधी.

आता गंमत बघा. पाच वर्षांचं पोर रात्री वेळेवर निजलं तर सकाळी सहाला आपणहून उठून घर डोक्यावर घेतं. त्याला नऊची शाळा. आणि जिला आई पहाटे हलवून हलवून उठवते, जी तोंडात ब्रश धरून बेसिनला टेकून पुन्हा डुलकी काढते, तिला सातची.

मोबाइलचा दोष आहे, नाही असं नाही. पण माझ्याकडे लाइन टाकणारी अकरावी-बारावीची मुलं मोबाइल नव्हते तेव्हाही अशीच होती. त्यातला एक पाचपाखाडीच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर जायला लिफ्टमध्ये शिरला आणि पेपरचा गठ्ठा भिंतीला टेकवून उभ्या उभ्या झोपला. लिफ्ट वर गेली, खाली आली, दूधवाला चढला, उतरला, हा तसाच. शेवटी वॉचमनने मला हाक मारली. हाच पोरगा संध्याकाळी बिलं गोळा करायला पाठवला की गिऱ्हाइकाचे खाडे वजा करून तोंडी हिशेब सांगायचा, रुपया इकडचा तिकडे नाही. आळशी कसा म्हणणार त्याला? आता मी पहाटेच्या लाइनीवर चाळिशीपुढची माणसं ठेवतो आणि पोरांना संध्याकाळची वसुली देतो. दोन्ही कामं सुरळीत चालतात.

माझं उलटं. गजराशिवाय तीनला डोळा उघडतो आणि रात्री साडेआठला जेवताना घास हातात राहतो. तरुणपणी मला गजराचं घड्याळ पितळी ताटात ठेवावं लागायचं, आवाज दुप्पट व्हावा म्हणून.

माझ्या गिऱ्हाइकांत एक बालरोगतज्ज्ञ आहेत. बिलाच्या दिवशी दाराशी उभं राहून त्यांनी मला यामागचं कारण सांगितलं, मग मी मिळेल ते वाचत गेलो (पेपरवाल्याला वाचायला फुकट मिळतं, हा धंद्यातला एकमेव निव्वळ नफा). रात्र झाली की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं द्रव्य स्रवू लागतं आणि शरीराला निजायची वेळ कळते. वयात येताना ही वेळ पुढे सरकते, कुणाकुणाची तर दोन तासांपर्यंत. शिवाय जागेपणी झोपेचा जो दाब साठत जातो, तो या वयात हळू साठतो. त्यामुळे दहाला दिवा मालवला तरी पोर टक्क जागं. हे सरकणं विशीच्या आसपास टोकाला जातं आणि तिथून घड्याळ वर्षागणिक मागे येऊ लागतं. माझ्या वयापर्यंत संध्याकाळीच पेंग आणि पहाटेच जाग. गाढ झोप आटते, मधेमधे जाग येते, लघवीला उठावं लागतं. झोपेची गरज मात्र तितकी घटत नाही. तज्ज्ञ १४ ते १७ वयाला ८ ते १० तास सांगतात, त्यापुढच्या वयाला ७ ते ९ आणि पासष्टीनंतर ७ ते ८. ‘मला चार तास पुरतात’ म्हणणाऱ्या आजोबांना जेवल्यानंतर दुपारी कुठे असता ते विचारा.

अमेरिकेत मेरी कार्स्काडन यांनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी सुट्टीत मुलांना मुक्कामाला ठेवून त्यांची झोप मोजली, तीच मुलं पुढच्या वर्षी पुन्हा. रात्री दहा तास अंथरूण मोकळं. मुलं मोठी होतील तशी कमी झोपतील, असा अंदाज होता. ती नऊ तासांच्या आसपास झोपतच राहिली. उलट वयात आलेली मुलं तेवढं झोपूनही दिवसा जास्त पेंगत होती.

आमच्या घरचं गणित असं: नात सव्वापाचला उठते. आठ तास हवे तर सव्वानऊला झोप लागायला हवी. क्लास सुटतो साडेआठला, कापूरबावडीचा सिग्नल पार करून घरी येईस्तोवर नऊ. जेवण कधी, गृहपाठ कधी?

या वेळा ठरवतात कोण? संस्थेचे विश्वस्त, मुख्याध्यापक, मंत्रालयातले अधिकारी. बहुतेक पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले, म्हणजे पहाटे आपोआप जाग येऊ लागण्याच्या वयाचे. आणि ती जाग त्यांना स्वतःच्या शिस्तीची कमाई वाटते. तलावपाळीला पहाटे फेऱ्या मारणारी माझी गिऱ्हाइकंही मला ‘लवकर निजे, लवकर उठे’ ऐकवतात. काका, ती शिस्त नाही, वय आहे.

अडचणी मला दिसतात. व्हॅनवाले म्हणतात, साडेआठला माजिवड्याला अडकलो तर दुसरी फेरी बुडते. नोकरी करणाऱ्या आईला मूल घराबाहेर पडल्याशिवाय लोकल गाठता येत नाही. पण नववीचं मूल कुलूप लावून खाली उतरू शकतं, पाच वर्षांचं नाही. ही अडचण आधीच छोट्यांच्या आईबापांच्या गळ्यात टाकून झाली आहे. ‘वेळ पुढे नेली तर मुलं तेवढीच उशिरा झोपतील’ हे मात्र पटत नाही. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा ७:५० वरून ८:४५ ला नेल्या. मोजलं तेव्हा मुलं रात्री साधारण ३४ मिनिटं जास्त झोपत होती. कॅलिफोर्नियात तर जुलै २०२२ पासून कायदाच आहे, नववी ते बारावीच्या मुलांची शाळा साडेआठच्या आत भरवायची नाही.

तेव्हा शिक्षण खात्याने २०२४ चा आदेश आठवी ते बारावीपर्यंत वाढवावा. जिथे इमारत एकच आहे तिथे मोठ्यांना दुपारचं सत्र परत द्यावं आणि छोट्यांचं सत्र आठला ठेवायची मुभा द्यावी. तेही जमत नसेल तर निदान पहिल्या तासाला गणित ठेवू नये आणि दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर घ्यावेत. त्याला शासनाचा आदेश लागत नाही, वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांनी मनावर घेतलं की झालं. पालकसभेत हा विषय लेखी मांडायचं माझ्या मुलीने ठरवलं आहे. घोडबंदरच्या बाकीच्या पालकांनीही मांडावा. सभा शक्य तर रात्री आठला ठेवा आणि मुलांना बोलवा, तेव्हा ती नीट बोलतील. मीही येईन, पण माझं म्हणणं आधी ऐकून घ्या.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)