बाबा, पान ४१ नीट बघा

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

या पाकिटात माझ्या ‘बिनधनी’ या चित्रकथेचा पहिला भाग आहे. ६४ पानं, मधोमध पिन मारलेली, आतून सगळी काळी-पांढरी. छापखान्यातून गठ्ठे काल संध्याकाळी खोलीवर आले. पहिली प्रत उघडली तीच तुमच्यासाठी बाजूला ठेवली.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला घरी आले होते तेव्हा तुम्ही विचारलंत, “तलवारीची चित्रं कोण विकत घेणार? नोकरी सांभाळून हे कशाला?” मी ताटावरून उठून गेले. ते चुकलंच माझं. पण तेव्हा उत्तर तोंडात येत नव्हतं. आता लिहिते.

गोष्ट अशी आहे. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला. पेशव्यांची चाकरी संपली. किल्ल्याच्या शिबंदीतला एक पट्टेकरी, म्हणजे पट्टा नावाची तलवार चालवणारा, वय पंचेचाळीस, त्या उन्हात बाहेर पडतो. किल्ला खरा, मन्रो खरा, हा माणूस मात्र माझा. त्याला आयुष्यात एकच काम येतं आणि ते काम देणारा धनी आता राहिलेला नाही. तो सीनेच्या काठाने चालायला लागतो. कुठे चार दिवस राहतो, कुठे एक रात्र.

असा माणूस मी काही पहिल्यांदा काढला नाही. जपानात १६०० साली सेकिगाहाराची मोठी लढाई झाली, हरलेल्या सरदारांच्या जहागिरी गेल्या आणि त्यांचे सामुराई बिनचाकरीचे झाले. अशांना तिकडे रोनिन म्हणतात. शब्दाचा अर्थच लाटेवरचा माणूस, वाहत जाणारा. मियामोतो मुसाशी त्याच काळातला, १६४५ मध्ये वारला. साठांहून जास्त द्वंद्वं खेळलो आणि एकदाही हरलो नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. चीनमध्ये या भटक्या तलवारबाजांच्या जगाला जियांगहू म्हणतात, म्हणजे नद्या आणि तळी. दोन्हीकडच्या चित्रकथांत हा माणूस कितीतरी वर्षं चालतोच आहे. कॉलेजात असताना मी त्या रात्र-रात्र वाचल्या. आणि दर वेळी वाटायचं, याला मी कुठेतरी पाहिलंय.

बाबा, मी तुम्हाला पाहिलं होतं.

मी आठवीत होते. कारखान्याला कुलूप लागलं, त्या महिन्याचा पगारही निघाला नाही. तुम्ही दोन दिवस ओट्यावर बसून होतात. तिसऱ्या दिवशी कापडी पिशवीत पंच, हातोडी, दोऱ्याची रिळं आणि ग्राफचे कागद भरलेत आणि निघालात. आईने विचारलं, “कुठं चाललात?” तुम्ही म्हणालात, “बघतो, कुठला माग बोलावतो.” मग अक्कलकोट रोड, विडी घरकुल, जिथे कुणाचा मागावर नक्षी उतरवणारा जेकार्ड अडलाय तिथे. कुणी पैसे द्यायचं, कुणी दोन टॉवेल, कुणी पुढच्या आठवड्याचा वायदा. रात्री तुम्ही पायऱ्या चढायचात तेव्हा डावा खांदा जरा खाली असायचा, पिशवीच्या वजनाने. पुस्तकात बघा, बिनधनी तसाच चालतो. त्याच्या खांद्यावर पट्टा आहे एवढाच फरक.

आणि नुसती चाल नाही, चित्र मांडायचंही मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही मला मांडीवर घेऊन जेकार्डचे भोकं पाडलेले पत्ते दाखवायचात. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. भोक असेल तिथे हुक उचलतो आणि उभा धागा वर येतो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एकच पत्ता हातात धरून कितीही बघितला तरी त्यात मोर दिसत नाही. शेकडो पत्ते ओळीने ओवले की चादरीवर मोर उतरतो. माझ्या चौकटी तशाच आहेत. एकटी चौकट काहीच सांगत नाही, मागची आणि पुढची जोडली की माणूस चालायला लागतो.

तुम्ही म्हणाल, कागदावर मारामारी हलणार कशी? म्हणून घाव मी काढतच नाही. एका चौकटीत पट्टा मागे गेलेला, पुढच्या चौकटीत तो आरपार निघून गेलेला आणि समोरच्याच्या पागोट्याचा शेमला हवेत. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते तिथे घाव बसतो, आणि तो वाचणारा आपल्या मनात घालतो. चौकटी अरुंद केल्या की वेळ भराभर पळतो, एकच चौकट पानभर केली की श्वास थांबतो. पान २२ ते २७ मध्ये एक शब्दही नाही. ती सहा पानं घाईने उलटू नका.

पट्ट्याने मला फार छळलं. त्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी मुठीत जातो, मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, सगळा माणूस गरकन फिरतो. मी आधीची अठरा पानं मनगट वळवून, साध्या तलवारीसारखी काढली होती. मग एका रविवारी कोल्हापूरला मर्दानी खेळांचा सराव बघायला गेले. एका मुलीने समोरच्याच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने दोन फाका केलं, हाताला ओरखडा नाही. तिचे पाय बघितले आणि कळलं की माझी अठरा पानं खोटी आहेत. परत येऊन सगळी फाडली आणि पुन्हा काढली. त्यात सात महिने गेले. तेव्हा मी फोन कमी करत होते ना आई, ते यासाठी. मला तुमच्याशी बोलताना रडू आलं असतं.

अक्षरंही हातानेच काढलीत. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, ओळींमध्ये जास्त जागा लागते. त्यामुळे बोलायचे फुगे मोठे होतात आणि चित्र झाकतात. मग मी वाक्यं कमी केली. बिनधनी कमी बोलतो त्याचं हेही एक कारण आहे.

पैशांचं सांगते म्हणजे काळजी नको. नोकरी सोडलेली नाही. ५०० प्रती काढल्या, छपाईला ३४ हजार लागले. एक प्रत १८० रुपयांना, आणि २१२ जणांनी आधीच पैसे भरून नावं नोंदवलीत. म्हणजे छपाई निघाली. कोण घेणार म्हणालात, तर हे घेणार.

आई, तुला रक्ताची भीती. ६४ पानांत मिळून तीन जखमा आहेत, आणि एकही माणूस मरत नाही. पान ९ आधी उघड. तिथे एक म्हातारी त्याला पडवीत झोपायला जागा देते. पट्टा बघून गावातला प्रत्येकजण त्याला “कुणाचा तू?” असं विचारतो, ती एकटी विचारते, “जेवलास का?” आणि कडक भाकरी मोडून जवसाच्या चटणीसोबत देते. म्हातारीचे हात तुझे आहेत, उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग तेवढा नीट छापला गेला नाही.

आता मुख्य काम. बाबा, पान ४१ वर साळ्याच्या घरातला खड्डामाग काढलाय. दोरीला झटका देऊन आडव्या धाग्याचा धोटा पळवायची सोय त्या काळी आपल्याकडे आलेली नव्हती, धोटा हातानेच या बाजूने त्या बाजूला टाकायचा. म्हणून मी उजव्या हाताने टाकलेला धोटा डाव्याने झेलताना दाखवलाय. पण मग आडवा धागा ठोकायची फणी कुठल्या हाताने ओढायची? आणि पाय कधी बदलायचा, धोटा गेल्यावर की फणी ठोकल्यावर? तुम्ही लहानपणी आजोबांना हातमागावर बसलेलं बघितलंय, मी फक्त फोटो बघितले. चुकलं असेल तर तिथेच पानावर लाल पेन्सिलीने खूण करा, पुस्तक खराब होईल म्हणून थांबू नका. दुसऱ्या भागात तोच माग पुन्हा येणार आहे आणि त्याची पानं मी अजून शाईत घेतलेली नाहीत.

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येते. तोवर बघून ठेवा.

तुमची,
धाकटी