दौऱ्यावरची समिती आणि टेबलावरचा कागद : विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई

महोदय,

28 जून 2024 रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला गेला. 9 जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मागणी) आल्या आणि 12 जुलैला अधिवेशन संपले. लाडकी बहीण योजना 28 जूनच्या भाषणात जाहीर झाली होती, तिचे पैसे मात्र पुरवणीत आले. एकट्या महिला व बालविकास विभागाच्या मागण्या 26 हजार कोटींच्या वर होत्या. योजना चांगली की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. तीन-चार दिवसांत एवढ्या रकमेचे लेखाशीर्ष (पैसा कोणत्या खर्चाच्या सदरात जातो ते), लाभार्थ्यांचा अंदाज आणि पडताळणीची पद्धत कोणत्या आमदाराने कुठे बसून तपासायची, एवढेच आम्ही विचारतो आहोत. सभागृहात ते होत नाही. होणारही नाही, कारण 288 जणांच्या सभेत तक्ते वाचता येत नाहीत. ते काम समितीचे आहे, आणि अर्थसंकल्पीय मागण्या मतदानापूर्वी विभागवार तपासणारी समिती महाराष्ट्र विधिमंडळात नाही.

आपल्याकडे समित्या कमी आहेत असे नाही. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, रोजगार हमी योजना, आश्वासन, विनंती अर्ज, अनुसूचित जाती व जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क, मराठी भाषा अशी यादी बरीच लांबते. पण यातल्या बहुतेक समित्या झालेल्या खर्चाकडे, झालेल्या लेखापरीक्षेकडे किंवा दिलेल्या आश्वासनाकडे मागे वळून पाहतात. पैसा मंजूर होण्याआधी समोर पाहणारे कोणी नाही.

संसदेने ही त्रुटी 1993 मध्ये भरून काढली. तेव्हा 17 विभागनिहाय स्थायी समित्या झाल्या, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. प्रत्येकीत 31 सदस्य, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. अर्थसंकल्प मांडल्यावर संसद मधल्या काळात सुट्टी घेते, त्या काळात समित्या आपापल्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात आणि अहवाल पटलावर आल्यावर मतदान होते. ही रचना आदर्श नाही. मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते, बाकीच्या शेवटच्या दिवशी गिलोटीनखाली, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा मतदानाने, जातात. विधेयकांच्या बाबतीत तर उलटा प्रवास झाला आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. रचना असूनही ती डावलता येते, हे खरे. पण जिच्या समोर विधेयक ठेवलेच नाही ती समिती निदान आहे तरी. आपल्याकडे डावलायलाही काही नाही.

केरळने 1980 पासून अशा खातेनिहाय समित्या, म्हणजे विषय समित्या, चालवल्या आहेत. 140 आमदारांच्या सभागृहाला ते जमते, तर आपल्याला संख्याबळाची अडचण सांगता येणार नाही. मात्र केरळची एक गोष्ट घेऊ नये: तिथे त्या खात्याचा मंत्रीच समितीचा अध्यक्ष असतो. ज्याच्या मागण्या तपासायच्या त्यानेच बैठक चालवायची, हा दोष आपल्याही संयुक्त समित्यांत (विधेयकासाठी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती) मुरला आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

साधा हिशेब करू. दोन्ही सभागृहांचे मिळून 366 सदस्य. घटनेच्या 164(1क) नुसार मंत्रिमंडळ जास्तीत जास्त 43 जणांचे. दोन्हीकडचे पीठासीन अधिकारी व त्यांचे उपपदाधिकारी धरून चार. उरले 319. मंत्रालयातील तीसहून अधिक विभागांचे चौदा गट केले आणि प्रत्येक समितीत 22 सदस्य घेतले, तर 308 जण लागतात. म्हणजे जवळपास प्रत्येक आमदाराला एकच विषय समिती आणि तीही आपली म्हणून. कायदा करावा लागत नाही, घटनेच्या कलम 208 खाली सभागृह आपले नियम स्वतः करते. नियम समितीने मसुदा आणला की पुरे.

कळीचा प्रश्न दिवसांचा आहे. 2025 मध्ये अर्थसंकल्प 10 मार्चला आला आणि अधिवेशन 26 मार्चला संपले. या सोळा दिवसांतून सुट्ट्या, सर्वसाधारण चर्चा आणि उत्तराचे भाषण वजा केले की समितीला काहीच उरत नाही. दोन मार्ग आहेत. एक, अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडून मधे तीन आठवड्यांची सुट्टी. दुसरा, मार्चमध्ये दोन महिन्यांचे लेखानुदान (तात्पुरत्या खर्चाची मंजुरी) घेऊन पूर्ण मागण्या मे महिन्यात मंजूर करणे. केंद्रानेही 2017 च्या आधी वर्षानुवर्षे दुसरा मार्ग वापरला. आम्हाला पहिला बरा वाटतो, कारण लेखानुदानाच्या काळात विभाग नव्या कामांची निविदा थांबवून बसतात आणि पावसाळा तोंडावर येतो.

समितीने विचारायचे काय? इथेच बहुतेक समित्या घसरतात. सदस्य आपल्या मतदारसंघातल्या रस्त्याबद्दल विचारतात, सचिव “तपासून कळवतो” म्हणतात, बैठक संपते. त्यापेक्षा प्रत्येक मोठ्या योजनेसाठी एक ठरलेला तक्ता आधी मागवावा: मागील तीन वर्षांची मूळ तरतूद, पुरवणी, सुधारित अंदाज, बीडीएसवर (निधी वितरणाची संगणक प्रणाली) प्रत्यक्ष वितरित रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि 31 मार्चला समर्पित केलेली, म्हणजे न वापरता परत दिलेली, रक्कम. मूळ तरतूद मोठी आणि समर्पणही मोठे असेल, तर अंदाज फुगवलेला आहे किंवा राबवणारी यंत्रणाच नाही. तरतूद खर्ची पडली पण निम्म्याहून अधिक खर्च एकट्या मार्चमध्ये दिसतो, तर पैसा काम करायला नव्हे, तर तरतूद परत जाऊ नये म्हणून बाहेर काढलेला असतो. मग पुढचा प्रश्न: तो महामंडळाच्या बँक खात्यात आहे की स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात ठेवलेल्या खात्यात)? तिथून किती उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) प्रलंबित आहेत? पुरवणी मागितली असेल, तर मूळ तरतूद संपली होती का, की ती संपण्याआधीच पुरवणी आली? हे पाच-सहा आकडे एका ओळीत मांडले की विभागाची तब्येत कळते, आणि सचिवांना “तपासून कळवतो” म्हणायची सोय राहत नाही.

प्रश्नावली बैठकीच्या 15 दिवस आधी जावी, उत्तरे सात दिवस आधी यावीत. आदल्या रात्री आलेले तीनशे पानांचे उत्तर न आल्यासारखेच धरावे आणि बैठक पुढे न ढकलता सचिवांकडून तोंडी उत्तरे घ्यावीत. आदल्या रात्रीचा गठ्ठा ही मंत्रालयातली जुनी युक्ती आहे. तो कोणी वाचलेला नसतो, हे देणाऱ्याला ठाऊक असते.

आता लेखापरीक्षा अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीकडे वळू. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल कलम 151 खाली पटलावर येतो, बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी. पत्रकारांना संध्याकाळी प्रत मिळते, सभागृह तोवर स्थगित झालेले असते. त्यानंतर विभागाने लेखापरीक्षकांकडून पडताळून घेतलेले स्पष्टीकरणात्मक ज्ञापन (आक्षेपांवरचे लेखी उत्तर) विधानमंडळ सचिवालयाला एका महिन्यात द्यायचे, अशी वित्त विभागाची सूचना आहे. महिना उलटून वर्षे जातात. ज्ञापन आले नाही म्हणून अहवालातला तो परिच्छेद, म्हणजे आक्षेप, समितीत साक्षीला घेतला जात नाही, आणि साक्ष होईपर्यंत जबाबदार अधिकारी निवृत्त झालेला असतो.

जलयुक्त शिवारचे उदाहरण घ्या. योजना डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाली, 2019 मध्ये थांबली. तिच्यावरचा लेखापरीक्षा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये आला. सुमारे 9,633 कोटी खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही, आणि तपासलेल्या 120 पैकी 83 गावांत झालेला साठा पिण्याच्या व सिंचनाच्या गरजेला पुरेसा नव्हता, असे त्यात नोंदले आहे. या निष्कर्षांवर मतभेद होऊ शकतात, झालेही. पण योजना चालू असताना दर फेब्रुवारीत जलसंधारणाची समिती बसली असती, तर दुसऱ्याच वर्षी गावनिहाय साठवण क्षमता आणि पाण्याचा ताळेबंद मागवता आला असता. खोलीकरण कुठे अति झाले, देखभालीचा निधी का ठेवला नाही, हे तिथेच निघाले असते. डिसेंबर 2022 मध्ये दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली. त्या मान्यतेच्या टिपणीत पहिल्या टप्प्याचे परिच्छेद एकेक करून निकाली काढले होते का, हे समितीने विचारायला हवे.

दौऱ्यांविषयी स्पष्ट लिहितो. पंचायत राज समिती येणार म्हटले की जिल्हा परिषदेत रजा बंद होतात, शाळांना रंग लागतो आणि खालच्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा झाल्याची कुजबुज सुरू होते. मे 2025 मध्ये अंदाज समिती धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहात मोठी रोकड सापडली. त्याचा तपास आपल्या मार्गाने जाईल, पण ज्या रचनेत असे काही घडू शकते ती रचना आपल्या अखत्यारीत आहे. पंचायत राज समिती लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल घेऊन बसते, आणि ते पुष्कळदा पाच-सात वर्षे जुने असतात. समोर उभा असलेला गटविकास अधिकारी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होता. तो “तत्कालीन” हा शब्द वापरतो आणि सगळेच सुटतात. आमचे म्हणणे असे: साक्ष मुंबईत, कागदावर आणि तत्कालीन अधिकाऱ्याला बोलावून व्हावी. दौरा हवाच असेल तर तो एखादे काम मोजायला असावा, ठिकाण ऐनवेळी ठरवावे, आणि मुक्काम-भोजनाचा खर्च विधानमंडळाने देऊन त्याची पावती अहवालाला जोडावी. लोकसभेच्या नियमांत स्थायी समित्यांना दैनंदिन प्रशासनाच्या बाबी पाहण्यास मनाई आहे. तो नियम आपल्याकडे आणला, तर बदल्या आणि ठेकेदारांची देयके समितीच्या खोलीबाहेर राहतील.

विधेयकांबाबत थोडक्यात. महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणारे शक्ती विधेयक डिसेंबर 2020 मध्ये मांडले गेले आणि संयुक्त समितीत तपासले जाऊन डिसेंबर 2021 मध्ये सभागृहांत मंजूर झाले. बेकायदा संघटनांवर कारवाईसाठीचे विशेष जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेले तेव्हा 12 हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि मंजुरीपूर्वी व्याख्येपासून सल्लागार मंडळापर्यंत बदल झाले. म्हणजे समितीत कलमे बदलतात, हे सिद्ध आहे. पण दोन्ही समित्यांचे अध्यक्ष मंत्रीच होते. हजारो सूचना आल्यावर कोणत्या कलमावर किती आल्या, किती स्वीकारल्या आणि उरलेल्या कोणत्या कारणाने नाकारल्या, असा कलमवार तक्ता अहवालाला जोडणे हे चार लिपिकांचे आठवड्याचे काम आहे.

पाठपुराव्यासाठी लोकसभा अध्यक्षांच्या निदेश 73-अ सारखी तरतूद घ्यावी. त्यानुसार मंत्र्याला समितीच्या शिफारशींच्या अंमलबजावणीबाबत सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करावे लागते. आणि अहवाल संकेतस्थळावर टाकताना युनिकोड मजकुरात टाकावेत. स्कॅन केलेल्या चित्रांत ना शब्द शोधता येतो ना आकडा उचलता येतो.

पहिल्याच वर्षी चौदाही समित्या नकोत. जलसंपदा व मृद-जलसंधारण, सार्वजनिक आरोग्य, आणि शालेय शिक्षण या तीनच घ्या. प्रत्येकीला लेखा जाणणारे दोन संशोधन अधिकारी द्या, महालेखापालांच्या कार्यालयातून प्रतिनियुक्तीवर मिळाले तर उत्तमच. नियम समितीची बैठक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी झाली, तर वर लिहिलेला तक्ता त्या तीन विभागांना डिसेंबरातच पाठवता येईल आणि फेब्रुवारीत उत्तरे हातात असतील.

आपले नम्र,
राज्याच्या अर्थसंकल्पाचा आणि लेखापरीक्षेचा अभ्यास करणारे काही नागरिक